यामिनीचे आता लतिका झाले

शॉमबर्गमधल्या एका विमा कंपनीच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हे लतिका धोटेचं काम होतं. चूक सापडली की ती तिचा रिपोर्ट लिहायची, आणि रिपोर्टमध्ये कुणालाच दोष द्यायची नाही. ‘बटण दाबलं. काही झालं नाही.’ अशी तिची वाक्यं असायची. ज्याच्या हातून चूक झाली त्यालासुद्धा ती वाचून वाईट वाटत नसे. आपण चुकलो एवढं मात्र कळे. घरीही तिचं बोलणं साधारण याच धर्तीचं होतं. अनया, तिची बारा वर्षांची मुलगी, म्हणायची की आई रागावली की हवामानाचा अंदाज सांगितल्यासारखी बोलते.

राजेश, म्हणजे लतिकाचा नवरा, सध्या घरी होता. अमेरिकेत आधी तोच व्हिसावर आला होता. त्याच्या कंपनीने ग्रीन कार्डाचा अर्ज करतो, करतो म्हणत अनेक वर्षं घालवली आणि मग ती कंपनीच राहिली नाही. दरम्यान लतिकाला नोकरी लागली, तिचा स्वतःचा व्हिसा झाला आणि राजेश तिच्या व्हिसावर आला. कायद्याच्या भाषेत तो तिच्यावर अवलंबून होता. स्वयंपाकाच्या बाबतीत ती त्याच्यावर होती. अनया इथेच जन्मली होती, म्हणजे नागरिक होती. त्या घरात हवं तितके दिवस राहू शकणारी ती एकटीच.

लतिकाच्या व्हिसाची मुदत सहा वर्षांची होती आणि सहावं वर्ष चालू होतं. मात्र तिच्या कंपनीने शब्द पाळला होता. तिच्यासाठी अर्ज केला होता. या अर्जाचे टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात कंपनीला तीच नोकरी पेपरात जाहीर करून दाखवावं लागतं की कामाला लायक असा इथला माणूस मिळत नाही. लतिकाने स्वतःच्या नोकरीची जाहिरात रविवारच्या पेपरात वाचली होती आणि क्षणभर तिला वाटलं होतं, काम बरं दिसतंय, अर्ज करावा. दुसऱ्या टप्प्यात दाखवायचं असतं की ज्या बाईसाठी हे सगळं चाललं आहे तिच्याकडे जाहिरातीत मागितलेली पदवी आणि अनुभव आहे. हा टप्पा मंजूर झाला की पुढे रांग कितीही मोठी असली तरी व्हिसा वाढत राहतो. नामंजूर झाला तर घर गुंडाळून परत जायचं, आणि नागरिक असलेल्या मुलीला तिच्याच देशातून बरोबर न्यायचं.

ऑक्टोबरमध्ये त्या दुसऱ्या टप्प्यावर शंका आली. सरकारने कळवलं होतं की पदवी आणि पुण्यातल्या कंपनीचं अनुभवपत्र या दोन्हींवर यामिनी प्रभाकर वाकोडे असं नाव आहे. अर्ज मात्र लतिका राजेश धोटे यांच्यासाठी आहे. या दोन व्यक्ती एकच असल्याचा पुरावा द्यावा.

कंपनीची वकील, मेगन, शांत स्वभावाची होती. तिने फोन केला. आडनाव लग्नानंतर बदललं हे तिला न सांगता समजलं होतं. मधलं नाव वडिलांचं होतं ते नवऱ्याचं झालं, हे सांगितल्यावर समजलं. पहिल्या नावापाशी मात्र गाडी अडली.

“पहिलं नावसुद्धा बदललं?”

“हो.”

“कुणी?”

“नवऱ्याने,” लतिका म्हणाली. “तांदळात.”

पलीकडे जरा वेळ नुसताच टाइप करण्याचा आवाज आला आणि मग तोही थांबला. लतिकाने समजावून सांगितलं. लग्नानंतर ताटात तांदूळ पसरतात. नवरा अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहितो. मग ते सगळ्यांना वाचून दाखवतात आणि पेढे वाटतात. कोर्टाची ऑर्डर आहे का, असं मेगनने विचारलं. नव्हती. गॅझेट वगैरे काही? तेही केलं नव्हतं. ते तांदूळ? ते नंतर घरात वापरतात, लतिका म्हणाली.

“म्हणजे मूळ दस्तऐवज शिजवला,” मेगन म्हणाली. ती चेष्टा होती की नोंद, हे लतिकाला आवाजावरून कळलं नाही.

त्या लग्नात नाव सासूने ठरवलं होतं. मीनाक्षीबाईंना यामिनी म्हणजे रात्र हे पटलं नव्हतं. तिन्हीसांजेला सुनेला हाक मारायची आणि तोंडात रात्र, हे बरं दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. लतिका म्हणजे वेल. वेल वाढते, रात्र नुसती होते. राजेशने तांदळात लिहिलं, गुरुजींनी वाचलं, आणि कुणीतरी नवरीला विचारलं, आवडलं ना? ती हो म्हणाली, कारण ताटाभोवती माणसं वाकली होती आणि फोटोग्राफर खोळंबला होता.

पुढे सगळं सुरळीत झालं, आणि आता अडचण नेमकी तीच होती. अमरावतीला लग्नाची नोंदणी करताना फॉर्म मीनाक्षीबाईंनी भरला आणि वधूच्या नावाच्या रकान्यात लतिका लिहिलं. त्यांच्या मते ते बरोबरच होतं. लग्न होऊन गेलं होतं, म्हणजे वधू आता लतिकाच होती. तिचा पासपोर्ट त्या दाखल्यावर निघाला. पुण्यातल्या ऑफिसात मात्र नाव बदलायचं तर एचआरला ईमेल करावा लागे आणि तो तिने कधी केला नाही. त्यामुळे पुढची काही वर्षं ती सकाळी लतिका म्हणून डबा भरायची आणि दहा वाजता यामिनी म्हणून तो उघडायची. यात आपण काही लपवतो आहोत असं तिला कधी वाटलं नाही. कुणी विचारलंच नव्हतं. अमेरिकेतल्या आधीच्या व्हिसाच्या वेळी आईचं एक अ‍ॅफिडेव्हिट लावलं होतं आणि ते कुणी उलटून पाहिलं नव्हतं.

आता मेगनने सगळं मांडून दाखवलं तेव्हा चित्र स्पष्ट झालं. एकीकडे यामिनीचे कागद, दुसरीकडे लतिकाचे. शिक्षण यामिनीचं, पगार लतिकाचा. आईचं ते अ‍ॅफिडेव्हिट सोडलं तर दोन्ही नावं एकत्र असलेला एकही कागद जगात नव्हता. बदल इतका पूर्ण झाला होता की बदल झाल्याची खूण राहिली नव्हती.

शोध सुरू झाला. अकोल्याहून आईने पुन्हा अ‍ॅफिडेव्हिट करून पाठवलं. पुण्यातली कंपनी बंद पडली होती, पण जुने साहेब बाणेरला सापडले. त्यांनी लगेच लिहून दिलं की यामिनी वाकोडे आमच्याकडे होती आणि उत्तम काम करत होती. लतिका धोटे कोण ते मला माहीत नाही, असंही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं. ते पत्र लावलं नाही. लग्नाची पत्रिका मिळाली. तिच्यावर यामिनी आणि राजेश होते. लग्नाच्या दाखल्यावर त्याच तारखेला लतिका आणि राजेश. मेगनने दोन्ही शेजारी ठेवले आणि म्हणाली की यातून असंही निघू शकतं की तुमच्या यजमानांनी एकाच दिवशी दोघींशी लग्न केलं. राजेशने हे ऐकून पोळी लाटायची थांबवली आणि म्हणाला, एकीचंच निभावताना नाकी नऊ आले यार.

लग्नाची सीडी होती. अकोल्याच्या व्हिडिओवाल्याने नाव लिहिण्याच्या प्रसंगाला विशेष मेहनत घेतली होती. ताट दिसायला लागलं की पडद्यावर एक बदाम यायचा, त्या बदामात नवरा-नवरीचे चेहरे फिरायचे आणि बदाम जाईपर्यंत तांदूळ उचललेले असायचे. त्यांनी तो भाग पुष्कळदा पाहिला. अनया म्हणाली, “सो यू हॅड अ होल अदर नेम?” तिने हे आजवर ऐकलंच नव्हतं. मग तिने विचारलं की नाव बदलल्यावर कसं वाटलं.

लतिकाने खरंच विचार केला. “नाव बदललं,” ती म्हणाली. “बाकी सगळं चालू राहिलं.”

“दॅट्स अ बग रिपोर्ट, मॉम.”

मीनाक्षीबाई हे सगळं सोफ्यावरून ऐकत होत्या. त्या सप्टेंबरात आल्या होत्या आणि फेब्रुवारीपर्यंत राहणार होत्या. सकाळी त्या कॉलनीतल्या तळ्याभोवती इतर आई-वडिलांबरोबर चालायच्या. त्या घोळक्यात कुणाच्या मुलाचा अर्ज कोणत्या टप्प्यावर आहे हे सगळ्यांना माहीत असे, जसं गावाकडे कुणाच्या मुलीला कुठलं स्थळ आलंय ते असतं. सुनेच्या अर्जाला शंका आल्याचं त्यांनी तिथे सांगितलं नव्हतं. कशावरून आली ते तर मुळीच नाही.

लतिकाने त्यांना विचारलं की तुम्हीही लिहून द्याल का. त्या लगेच म्हणाल्या, देते की, काय लागेल ते लिही, मी सही करते. पण मेगनचा निरोप आला. आईचं झालं, सासूचंही घेऊ, पण ही सगळी आत्ता लिहिलेली पत्रं आहेत. त्या काळातलं काहीतरी हवं. लग्न झालं त्या सुमाराचं, ज्यात दोन्ही नावं आहेत असं. मग ते काहीही असो.

हे मराठीत सांगून झाल्यावर मीनाक्षीबाई उठून आत गेल्या. दुसऱ्या दिवशी त्या चालायला गेल्या नाहीत. राजेशने आवडीचं पातोडीचं कालवण केलं तर त्यांनी अर्धी वाटी घेतली. लतिकाला वाटलं, आता त्या नाव बदलल्याबद्दल काहीतरी बोलणार, आणि आपल्याला त्यांची समजूत घालावी लागणार. त्याची तिने मनाशी तयारीही केली. एकोणीस वर्षांत या विषयावर दोघींचं बोलणं झालं नव्हतं आणि त्यामुळे दोघींचं बरं चाललं होतं.

तिसऱ्या दिवशी जेवताना मीनाक्षीबाईंनी वाटीत बघत विचारलं, “राजेश, अनयाच्या वेळी मी डिंकाचे लाडू आणले होते, तो डबा आहे का रे?”

“कोणता, तो मोठा? आहे ना. गॅरेजमध्ये. त्यात मीठ असतं.”

“मीठ?”

“बर्फावर टाकायचं मीठ, आई. खायचं नाही.”

“स्टीलच्या डब्यात मीठ घातलंस तू?” मीनाक्षीबाई म्हणाल्या. पण त्यांच्या बोलण्यात नेहमीचा जोर नव्हता. त्या उठल्या आणि हात न धुता गॅरेजच्या दाराकडे गेल्या.

डबा बर्फ ढकलायच्या यंत्रामागे होता. गेल्या हिवाळ्यातलं मीठ आत दगड होऊन बसलं होतं. झाकणावर, जिथे असायचं तिथे, बारीक ठिपक्यांनी कोरलेलं नाव होतं. कु. यामिनी प्र. वाकोडे. हे लतिकाला माहीत होतं. रुखवतातली मोठी भांडी वडिलांनी नाव घालून आणली होती. तिने मेगनला ते सांगितलंही असतं, पण नुसतं यामिनी असलेल्या वस्तूंचा आता काही उपयोग नव्हता.

“झाकण नाही,” मीनाक्षीबाई म्हणाल्या. “बूड बघ.”

राजेशने हातोडीने मीठ फोडलं. ते पोत्यावर ओतलं. लतिकाने डबा उपडा केला आणि मोबाइलचा टॉर्च धरला. काँक्रीटवर घासून घासून बुडावर ओरखडे उठले होते. त्यांच्या खाली, ठसठशीत, चांगल्या वळणाच्या अक्षरात लिहिलेलं होतं:

यामिनीचे आता लतिका झाले. सौ. लतिका राजेश धोटे. १८-५-०६.

मीनाक्षीबाई बर्फाच्या यंत्राकडे बघत होत्या, जणू ते पहिल्यांदाच पाहत होत्या.

मग त्यांनी सांगितलं. लग्न होऊन मुलगा-सून पुण्याला गेली. रुखवताची भांडी अमरावतीला राहिली. त्याच आठवड्यात नाव घालणारा गल्लीत आला. त्यांनी त्याला ओट्यावर बसवलं आणि सगळ्या भांड्यांवर सुनेचं नवं नाव घालायला सांगितलं. पाच-सात लहान, कोरी भांडी त्याने बिनबोभाट केली. हा डबा हातात घेतल्यावर मात्र त्याने विचारलं, बाई, याच्यावर तर दुसरंच नाव आहे, हे कुणाचं? आत दूध उतू चाललं होतं. त्या आत धावता धावता म्हणाल्या, अहो, यामिनीचं आता लतिका झालं. दूध उतरवून त्या बाहेर आल्या तर त्याने कानावर पडलं ते कोरलं होतं. झाकणावर जागा नव्हती म्हणून बुडावर. वर त्याने त्यांच्या बोलण्यातली चूकही सुधारली होती. झालं होतं ते झाले केलं होतं, कारण भांड्यावर लिहायचं ते शुद्ध लिहावं.

त्या त्याला बोल बोल बोलल्या. तो म्हणाला, बाई, कोरलेलं पुसता येत नाही. हे ऐकायला सासरे जगन्नाथराव नेमके दारात उभे होते.

लतिकाने राजेशकडे पाहिलं. तो पोत्याशेजारी बसला होता आणि त्याचा चेहरा विचित्र झाला होता. चहा गार झाला की बाबा म्हणायचे, गरमचे आता गार झाले. वरण करपलं की, डाळीचे आता कोळसे झाले. राजेश नोकरीला लागला तेव्हाही त्यांनी तसलंच काही म्हटलं होतं. ती बाबांची बोलायची ढब आहे असं त्याने जन्मभर धरलं होतं. दर वेळी आई उठून आत का जाते, हे त्याला आता कळलं. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली होती.

“तू तर बाबांना म्हणाली होतीस, रुखवतातला एक डबा मोडीत दिला,” तो म्हणाला.

“मोडीत देणार होते. चांगला जाड होता रे,” मीनाक्षीबाई म्हणाल्या. “घरात ठेवला की हे चारचौघांत काढून दाखवायचे. म्हटलं, लाडू घालून इकडे आणावा. अमेरिकेत कोण वाचणार?”

डब्याचे फोटो मेगनला पाठवायचे ठरले. त्याआधी मीनाक्षीबाईंनी तो धुवायला घेतला. राजेश म्हणाला, आई, पुरावा आहे तो, घासू नकोस. त्या म्हणाल्या, सरकारला असा मळका डबा दाखवायचा? घासून झाल्यावर अक्षरं आधीपेक्षा स्पष्ट दिसू लागली. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढले. मेगनचं उत्तर आलं की तिने आजवर कबरीच्या दगडाचा फोटो पाठवलाय, एका गोधडीचाही पाठवलाय, डबा पहिलाच. तो चालेल. फक्त घरच्या नसलेल्या माणसाकडून भाषांतर हवं.

भाषांतराला शिवांगी आली. ती स्टॅटिस्टिक्समध्ये पीएचडी करत होती आणि रविवारी मराठी शाळेत शिकवायची. अनया तिच्याच वर्गात होती. शिवांगी शब्दाच्या बाबतीत काटेकोर होती. तिने दहा मिनिटांत काम संपेल म्हणून बूटही काढले नव्हते. मग काढले.

तिची अडचण अशी होती की त्या वाक्यात नाव हा शब्दच नव्हता. ‘यामिनीचे आता लतिका झाले’, यामिनीचे काय? मराठी माणसाला विचारावं लागत नाही. ‘चे’ म्हटलं, ‘झाले’ म्हटलं, की न बोललेलं नाव आपोआप ऐकू येतं. पण इंग्रजीत तसं नेलं तर यामिनीच्या मालकीची कुठलीतरी वस्तू लतिकामध्ये रूपांतरित झाली असा अर्थ होत होता. मेगन स्पीकरवर होती. ती म्हणाली, नाव हा शब्द घाला ना मग. शिवांगी म्हणाली, घालणार नाही, मुळात नाहीये. मी खाली टीप देईन की मराठीत तो गृहीत असतो आणि का असतो.

मेगन म्हणाली, “ठीक. आणि झाले म्हणजे आपोआप झालं? ज्याने केलं तो कुठे आहे वाक्यात?”

“तो पण नाहीये,” शिवांगी म्हणाली.

तो अ‍ॅफिडेव्हिटमध्ये आणायचा ठरला. मीनाक्षीबाईंनी शपथेवर सांगायचं की हा डबा केव्हाचा, अक्षरं कुणी घातली आणि का. मेगनच्या ऑफिसने मसुदा पाठवला. बँकेतल्या नोटरीची वेळ घेतली. आदल्या दिवशी शिवांगीने तो मसुदा त्यांना मराठीत वाचून दाखवला, स्वयंपाकघरात, चहा पिता पिता. लतिका भाजी चिरत होती. मसुद्यात होतं की विवाहाच्या प्रसंगी, समाजाच्या रूढीनुसार, वधूचं पहिलं नाव बदलण्यात आलं.

“थांब,” मीनाक्षीबाई म्हणाल्या. “बदलण्यात आलं नाही. मी बदललं. तसं लिही.”

शिवांगीने लतिकाकडे पाहिलं. लतिकाची सुरी थांबली होती.

“काकू, कायद्याला तसं चालेल, काही फरक नाही पडत.”

“मला पडतो. शपथ मी घेणार आहे ना? राजेशने फक्त लिहिलं. नाव माझं होतं.” त्यांनी कप खाली ठेवला. मग सुनेकडे न बघता म्हणाल्या, “तिला विचारलं नव्हतं, हेही घालायचं का?”

ओट्यावर गवारीच्या शेंगा होत्या. लतिकाने एक उचलली, तिची टोकं काढली, शीर काढली.

“त्याची गरज नाही, आई,” ती म्हणाली.

मसुदा एका वाक्याने बदलला. बँकेत नोटरीने मीनाक्षीबाईंना उजवा हात वर करायला सांगितला. त्यांनी केला. जे लिहिलं आहे ते खरं आहे का, असं शिवांगीने मराठीत विचारलं आणि त्या म्हणाल्या, हो. नोटरीने शिक्का मारला. डबाही त्यांनी पिशवीतून बरोबर नेला होता. बघायचा का, असं त्याला खुणेने विचारलंही. तो म्हणाला त्याची आवश्यकता नाही, पण छान आहे.

सगळं पाकीट नोव्हेंबरात गेलं. त्यात तो डबा पुरावा क्रमांक सहा होता. शिवांगीची टीप डब्यावरच्या मजकुराच्या चारपट लांब होती. त्यानंतर करण्यासारखं काही नव्हतं. लतिका कामावर जात राहिली आणि चुका शोधत राहिली. राजेशने प्लास्टिकची एक बादली आणून मीठ त्यात घातलं. मीनाक्षीबाई पुन्हा तळ्याभोवती चालायला जाऊ लागल्या. कुठल्याशा सकाळी त्यांनी तिथे डब्याची गोष्ट सांगितली असावी, कारण संध्याकाळी खालच्या घरातले नागपूरचे काका राजेशला पार्किंगमध्ये म्हणाले, काय मग, पावसाचे आता बर्फ झाले. राजेशने घरी येऊन ते सांगितलं तेव्हा मीनाक्षीबाई उठून आत गेल्या नाहीत.

परतीचा विचार घरात बोलून होत नव्हता, पण तो होता. राजेश बाणेरच्या भाड्यांचे आकडे बघायचा आणि कुणी आलं की पान बदलायचा. अनयाने मराठी शाळेत एकदाही दांडी मारली नाही. त्याचं कारण कुणी विचारलं नाही.

उत्तर जानेवारीत आलं. लतिका मीटिंगमध्ये होती. मेगनचा ईमेल एका ओळीचा होता: मंजूर. मीटिंग संपेपर्यंत लतिका ऐकत राहिली, तिची पाळी आल्यावर दोन चुका वाचून दाखवल्या, मग बाहेर जाऊन राजेशला फोन केला. तो म्हणाला, “दोघींचं?” ती म्हणाली, “दोघींचं.” मग तिने फोन ठेवून दिला.

संध्याकाळी मेगनने पुढचं समजावलं. आता व्हिसा वाढत राहील, राजेशला कामाचा परवाना मागता येईल. ग्रीन कार्ड मात्र रांगेत आहे. भारतात जन्मलेल्यांची रांग वेगळी असते आणि ती हळू सरकते. किती वर्षं, ते कुणी सांगू शकत नाही. कार्डावर नाव पासपोर्टवरचं येईल, पण फाइलमध्ये यापुढे दोन्ही नावं राहतील. लतिका ऊर्फ यामिनी. लतिकाने ते मराठीत सांगितलं. मीनाक्षीबाई म्हणाल्या, ऊर्फ म्हणजे चोराला लावतात तसं. मग म्हणाल्या, असू दे.

फेब्रुवारीत त्यांची बॅग भरायला घेतली. डबा परत न्यावा असं त्यांच्या मनात आलं होतं, आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. लतिकाने नाही म्हटलं. मेगनने सांगितलं होतं की मूळ पुरावे सांभाळून ठेवावेत, पुढेही कधी मागतील. तो आता कपाटात पासपोर्टांच्या शेजारी होता आणि त्याच्यात अनयाचा जन्मदाखला, लग्नाचा दाखला, ती पत्रिका, सगळंच मावलं होतं.

मीनाक्षीबाईंनी कपाट उघडून तो बाहेर काढला. कागद अलगद पलंगावर ठेवले, डबा उपडा केला आणि बुडावरून अंगठा फिरवला.

“जागा आहे अजून खाली,” त्या म्हणाल्या. “कार्ड आलं की अमरावतीला घेऊन या. तारीख घालून घेऊ. तो म्हातारा नसेल आता, पण त्याचा मुलगा बसतो बाजारात.”

लतिकाने कागद पुन्हा आत ठेवले, क्रमाने, आणि झाकण लावलं.

“घालू,” ती म्हणाली. “पण काय घालायचं ते या वेळी कागदावर लिहून देऊ.”